पत्रावळीची चिठ्ठी

आमच्या गल्लीतल्या येळवशीच्या जेवणाच्या चिठ्ठ्या मी चार वर्षं काढल्या, आणि चारही वर्षं त्यांत लबाडी केली. लबाडी एकाच घराशी केली. त्या घराची आणि माझ्या घराची भिंत एक आहे. हे आधीच सांगून टाकतो. पुढे गल्लीतल्या गमतीजमती लिहायला लागलो की मला हुरूप येईल आणि ही गोष्ट मागे राहील. चार वर्षं ती मी तशीच मागे ठेवत आलो.

बीदरच्या रिंग रोडच्या पलीकडे लाल मुरमावर नवे प्लॉट पडले, त्यात आमची गल्ली. बारा घरं, सहा इकडे, सहा तिकडे. कुणी कचेरीत, कुणी शाळेत, कुणाचं बियाण्याचं दुकान. सगळे कुठल्या ना कुठल्या खेड्यातून आलेले. मी संतपूरच्या पलीकडचा. सुरुवातीला इथे संध्याकाळी दारं लावून टीव्ही पाहण्यापलीकडे काही नव्हतं. मला ते सोसत नव्हतं. मग मीच एकेक सुरू केलं आणि गल्लीचा कार्यक्रमवाला झालो.

दर शुक्रवारी मी गल्लीच्या ग्रुपवर निरोप टाकायचो. "रविवारी सकाळी सहाला किल्ला. येताना नाक्यावर सुशीला-मिरची. ज्यांना पोटाचा त्रास आहे त्यांनी फक्त किल्ला." संक्रांतीच्या आधी पतंगांची दुकानं कुठे लागलीत, मांजा कुठे चांगला मिळतो, कुणाच्या गच्चीवरून काटाकाटी होणार, हे सगळं मी ठरवायचो. मोकळ्या प्लॉटात बाभळी तोडून आम्ही क्रिकेटची जागा केली. पन्नाशीची माणसं टेनिस बॉलनं खेळायची आणि सोमवारी कंबर धरून कचेरीत जायची. वळणावर एक पाणीपुरीवाला उभा राहायला लागला, तोही मीच बोलावून आणलेला. लोक म्हणायचे, "तुमच्यामुळं गल्ली गल्ली वाटायलीय बगा." ते ऐकायला मला फार आवडायचं. त्या आवडीनंच घात केला असं आता वाटतं.

शेजारच्या घरात हायस्कुलातल्या गणिताच्या बाई राहतात. गल्ली त्यांना अक्का म्हणते, मीही म्हणतो, वयानं त्या माझ्याहून दोन वर्षांनी लहान असल्या तरी. त्यांचे मिस्टर वीज खात्यात. अक्का म्हटल्यावर ते आपोआप माझे दाजी झाले. घर बौद्ध, आजोबांच्या पिढीत दीक्षा घेतलेलं. पुढच्या खोलीत बुद्धाची तसबीर आहे, एप्रिलमध्ये घरावर दिव्यांच्या माळा लागतात. माझी मुलं त्या घरात गणित शिकून पास झाली. दाजी आणि मी रविवारी नाक्यावरच्या हॉटेलात एका बशीतली मिरची खायचो. तो हॉटेलवाला चुरमुऱ्यांची सुशीला लोखंडी कढईत परतायचा आणि वर शेंगदाण्याचं कूट मूठभर टाकायचा. मिरची अशी तिखट की दाजींच्या डोळ्यांतून पाणी यायचं. ते म्हणायचे, "साल्या, ह्ये खाऊन मेलो तर तुझ्या अक्काला काय सांगशील?" मी म्हणायचो, "सांगतो, हसत गेले."

म्हणजे हॉटेलात एका बशीत. हे मुद्दाम लिहितोय.

येळवशीची, म्हणजे वेळ अमावस्येची, कल्पना माझीच. मार्गशीर्षातल्या अमावस्येला आमच्याकडे गावंच्या गावं शेतात जेवायला जातात. ज्वारी कमरेच्या वर आलेली असते, हरभरा घाट्यांवर असतो. शेतात कडब्याची खोप करतात, आत चुना लावलेले पाच दगड, ते पांडव, शेजारी लक्ष्मी. त्यांना नैवेद्य दाखवायचा, शेताला फेरी मारून नैवेद्यातलं थोडं पिकावर शिंपडायचं आणि मग जेवायचं. जेवणात भज्जी. परगावचा माणूस भज्जी म्हटल्यावर तळलेली भजी समजतो. ही पातळ असते. तुरीचे कोवळे दाणे, वाटाणा, हरभरा, गाजर, मेथी, शेतात आणि बाजारात जे हिरवं असेल ते सगळं एका भांड्यात शिजवून बेसन आणि चिंच लावायची. सोबत बाजरीचे वाफवलेले उंडे, भाकरी, गव्हाची खीर आणि आंबील. आंबील ताकात ज्वारीचं पीठ शिजवून करतात, लसूण घालून, आणि मडक्यात रात्रभर आंबायला ठेवतात. त्या दिवशी शेतात आलेल्या कुणालाही न जेवता जाऊ देत नाहीत.

गल्लीतल्या बऱ्याच जणांच्या जमिनी भावांकडे राहिल्या होत्या, काहींना नव्हत्याच. येळवस आली की लोक उगाच गच्चीवर उभे राहायचे. म्हणून मी म्हटलं, गल्लीची येळवस करू. कोपऱ्यातल्या घरात एक म्हातारे गृहस्थ राहतात, अप्पा. त्यांची चार एकर हुमनाबादच्या रस्त्याला आहे. शेत त्यांचं आणि जेवण बारा घरांचं. प्रत्येक घरानं एक वस्तू आणायची.

माझ्या गच्चीवर बैठक झाली. सगळ्यांत जास्त हौस अक्कांना.

"अण्णा, आंबील माझ्याकडं लागू द्या," त्या मला म्हणाल्या. "माझ्या आईची आंबील लई भारी असायची. तिचा हात मला आलाय म्हणतेत."

माझ्या बायकोनं विचारलं, "तुमच्यात पन करतेत व्हय येळवस?"

"पूजा न्हाई करत. पन शेतात जेवायला जायचोच की. दोन एकर हाय बापाचं." मग म्हणाल्या, "आमच्या शेतात आमीच खायचो. आजूबाजूच्या शेतात माणसं मावायची न्हाईत, आन आमच्याकडं आमी सहा जण. आई तरी मडकंभर आंबील करायची. कुनी आलं तर, म्हनायची. इथं बारा घरं एका जागी जेवणार म्हणलं तवा मला रात्री झोप न्हाई आली बगा."

सगळे हसले. मीही हसलो. अक्कांना काय हवं होतं ते त्या दिवशी त्यांनी इतकं सरळ सांगितलं होतं. मला कळलं नाही असं मी म्हणू शकत नाही.

बैठक संपल्यावर अप्पा जिन्यावर थांबले. एका हातानं कठडा धरून खालच्या आवाजात म्हणाले, "भज्जीत कुणाकुणाच्या घरचं पडणार हाय?"

"सगळ्यांच्याच की, अप्पा."

"आधी लक्ष्मीला दाखवायचं असतंय त्ये. शेत माझं हाय. जरा बगून करा."

एवढंच म्हणाले. कुणाचं नाव घेतलं नाही. त्यांनी ते घ्यावं अशी गरजही मला वाटली नाही, आणि आज मला सगळ्यांत जास्त लाज त्याचीच वाटते. मी विचारू शकलो असतो, "कुणाला बगून, अप्पा?" त्यांना तोंडानं म्हणायला लावलं असतं. कदाचित म्हणाले नसते. पण मी मान हलवली आणि म्हणालो, "काळजी करू नका, मी बगतो."

लहानपणी आमच्या शेतात येळवशीला कामाची माणसं बांधाच्या पलीकडे बसायची. त्यांना भज्जी वरून वाढायची, पळी त्यांच्या ताटाला लागू द्यायची नाही. मी सात-आठ वर्षांचा असताना ते पळीचं काम माझ्याकडे असायचं आणि माझा हात स्थिर म्हणून कौतुक व्हायचं. शहरात येऊन, शिकून, कचेरीत सगळ्यांच्या डब्यात हात घालून मला वाटत होतं की ते सगळं मागे राहिलं. जिन्यावर कळलं की हात अजून तितकाच स्थिर आहे.

दुसऱ्या दिवशी मी ग्रुपवर टाकलं, "कुणी काय आणायचं यावर वाद नको. चिठ्ठ्या टाकू. नशिबात येईल ते." सगळ्यांना पटलं. अक्कांनी लिहिलं, "छान. मी आंबिलीसाठी देव पाण्यात ठेवते," आणि पुढे हसणारं तोंड.

बारा चिठ्ठ्या होत्या. नऊ खाण्याच्या, तीन बिनखाण्याच्या. बिनखाण्याच्या म्हणजे पत्रावळी-द्रोण, सतरंज्या आणि खेळाचं सामान. बायकोनं घड्या घालून स्टीलच्या डब्यात टाकल्या. मी त्यातली पत्रावळीची चिठ्ठी आधीच काढून दोन बोटांच्या बेचक्यात धरली. मग डबा डोक्याच्या वर उचलून, कुणाला आत दिसू नये असा, एकेका घराचं नाव पुकारत चिठ्ठी काढायला लागलो. मोठी नाटकं केली. "आता बियाणेवाले! काय येतंय बगा... उंडे!" टाळ्या. "कोपऱ्यावरचे अप्पा... खीर!" टाळ्या. अक्कांचं नाव आल्यावर मी डब्यात हात घातला, आतल्या चिठ्ठ्या खळखळ हलवल्या आणि बोटांतली वर काढली.

"अक्का... पत्रावळी!"

अक्कांचा चेहरा क्षणभर पडला. मग त्या हसल्या. "जाऊ द्या. माझ्या पानावर सगळे जेवणार म्हना की."

आंबील बियाणेवाल्यांच्या शेजाऱ्यांकडे गेली. त्यांना ती करताही येत नव्हती, त्यांनी हॉटेलातून ताक आणून भागवलं.

येळवशीच्या दिवशी अक्कांनी पळसाच्या पत्रावळी आणल्या, बाजारातल्या यंत्राच्या नव्हे, हातानं टाचलेल्या. धुऊन, पुसून, ओल्या फडक्यात गुंडाळून. आणि पत्रावळ्यांच्या पिशवीशेजारी एक छोटं मडकं होतं.

"थोडीशी आंबील केलीय," त्या म्हणाल्या. "चिठ्ठी न्हाई आली म्हणून काय झालं. पंगतीत फिरवा."

मी मडकं हातात घेतलं. "व्वा, अक्का!" म्हणालो. आणि ते खोपीकडे न नेता गाड्या लावलेल्या लिंबाच्या झाडाखाली ठेवलं, वर एक गोणपाट टाकलं. "उन्हात आंबेल," असं मी म्हणालो, जणू आंबील आंबण्याला मी भीत होतो. पंगत बसली, उठली. लोक ज्वारीत शिरून फोटो काढत होते, दाजी आणि बियाणेवाले दोरीखेच खेळून धुळीत पडले, अप्पा बाजेवर बसून सगळ्यांना हरभऱ्याचे डहाळे वाटत होते. फार सुंदर दिवस होता तो. खरंच होता. संध्याकाळी अक्कांनी लिंबाखालून मडकं उचललं, झाकण काढून पाहिलं आणि मांडीवर घेऊन गाडीत बसल्या.

मी म्हणालो, "अरे देवा, गडबडीत इसरलोच की!"

"व्हय," त्या म्हणाल्या. "गडबडच लई होती."

पुढच्या वर्षी त्यांनी मडकं आणलं नाही.

दुसऱ्या वर्षी पुन्हा पत्रावळी. तिसऱ्या वर्षी पत्रावळी. गल्लीत त्याचा विनोद झाला. चिठ्ठ्यांच्या संध्याकाळी अक्कांचं नाव आलं की सगळे एकसुरात ओरडायचे, "पत्रावळी!" आणि मी चिठ्ठी उघडून दाखवायचो, आणि हशा पिकायचा. "अक्काचं नशीबच पानाचं हाय," कुणी म्हणायचं. दाजी म्हणायचे, "आमच्या लग्नात पन हिनं पत्रावळीच वाढल्या होत्या." मीही त्यात भर घालायचो. एकदा तर मी म्हणालो, "अक्का, पत्रावळ्यांचा कारखानाच काढा आता." खोटं करायचं तरी एखाद्या वर्षी सतरंजीची चिठ्ठी द्यावी, एखाद्या वर्षी खेळाची, एवढीही तसदी मी घेतली नव्हती. आपल्याला कुणी पकडणार नाही, अशी माझी खात्री झाली होती.

चौथ्या वर्षीही चिठ्ठ्या झाल्या, हशा झाला, चहा झाला. माणसं जिना उतरून गेली. अक्का मागे राहिल्या आणि कप गोळा करायला लागल्या.

"राहू द्या अक्का, मी करतो."

त्यांनी कप एकात एक घातले, नीट, सगळे दांडे एका बाजूला. मग शांतपणे म्हणाल्या, "अण्णा, बारा चिठ्ठ्या असतेत. चार वर्षं ओळीनं आमच्याच घराला पत्रावळीचीच चिठ्ठी यायची शक्यता काढलाव का कधी?"

मी डब्याचं झाकण लावायला लागलो.

"वीस हजार सातशे छत्तीसात एकदा. बाराचा चौथा घात. दहावीच्या पोरांना शिकवते मी ह्ये." कपांची चवड त्यांनी माझ्या हातात दिली. "दुसऱ्या वर्षीच काढून बघितलं होतं. एकशे चव्वेचाळीसात एकदा आलं. म्हणलं, होऊ शकतंय. तिसऱ्या वर्षी पन म्हणलं, होऊ शकतंय. मला मानायचंच नव्हतं."

आणि त्या गेल्या.

येळवशीच्या सकाळी दार उघडलं तर उंबऱ्याशी पत्रावळ्यांचा गठ्ठा होता. हातानं टाचलेल्या, पुसलेल्या, ओल्या फडक्यात. शेजारच्या घराला कुलूप होतं.

शेतात सगळ्यांनी विचारलं, "अक्का कुठायत? दाजी न्हाईत तर दोरीखेच कशी?" मी म्हणालो, पाहुणे आलेत त्यांच्याकडं. अकरा घरं त्या पत्रावळ्यांवर जेवली. मीही जेवलो. भज्जीचा पहिला घास घेतला. पान माझ्यासमोर होतं आणि ते एकेक काडी टाचून करणारी बाई कुठल्या गावाला गेली होती कोण जाणे. समोर बसलेली बायको माझ्याकडे बघत होती.

घरी आल्यावर मी तिला सांगितलं. वाटलं होतं ती चिडेल. ती म्हणाली, "मला म्हाईत हाय. पहिल्या वर्षी डब्यात बारा टाकल्या व्हत्या म्या. तुमी डबा उचलायच्या आधी पुन्हा मोजल्या. अकरा व्हत्या."

"मग बोललीस कामून न्हाई?"

"तुमी कामून केलाव?"

आणि ती उठून जेवणाचे डबे धुवायला गेली.

त्यानंतर दाजी रविवारी किल्ल्यावर यायचे बंद झाले. भांडण नाही, काही नाही. फाटकाशी दिसले तर मान हलवायचे. मी दोन-तीनदा एकटाच नाक्यावर गेलो. हॉटेलवाल्यानं सवयीनं दोन मिरच्या बशीत टाकल्या. पुढे शुक्रवारचे निरोपही मी बंद केले. लोकांना वाटलं कचेरीत काम वाढलंय.

मी आधी अप्पांकडे गेलो. का गेलो, ते आता कळतं. ओझं अर्धं त्यांच्या डोक्यावर ठेवायला गेलो होतो. ते ओट्यावर तुरी पाखडत बसले होते.

"अप्पा, तुमी त्या दिवशी जिन्यावर म्हणालाव, बगून करा. म्हणून मी अक्काच्या घरचं भज्जीत येऊ दिलं न्हाई. चार वर्षं."

त्यांनी सूप खाली ठेवलं. मला वाटत होतं, ते एक तर कबूल होतील किंवा नाकारतील.

"म्हणालो आसंन," ते म्हणाले. "माझ्या मनात तसंच आसंन बी. म्या जुना मानूस. पन लेका, चिठ्ठी तुझ्या बोटात व्हती का माझ्या?"

मी उठलो. ते मागून म्हणाले, "तू इचारला आसतास तर म्या काय म्हणलो आसतो, मला बी म्हाईत न्हाई आता." आणि पुन्हा सूप उचललं.

मग मी पेढ्यांचा डबा घेऊन शेजारी गेलो. चार पावलांचं अंतर. अक्का वह्या तपासत होत्या. दाजी आतल्या खोलीत होते, बाहेर आले नाहीत. अक्कांनी पाणी दिलं. मी ते घटाघटा प्यालो, जणू पाणी प्यालो हे दिसलं की माझं निम्मं काम होणार होतं. त्यांनी ते ओळखलं असावं.

"अक्का, गैरसमज झाला," मी सुरुवात केली.

"कुणाचा?"

"म्हणजे... चुकलं माझं. माफी मागायला आलोय."

"कशाची?"

"चिठ्ठ्यांची."

"चिठ्ठ्यांचं काय?"

"पत्रावळीची चिठ्ठी मुद्दाम तुमच्या घराला..."

"कामून?"

खरं कारण दोन अक्षरांचं होतं आणि ते माझ्या तोंडातून येईना. "ते... अप्पांचं शेत... परिस्थिती तशी..." असं काहीतरी पुटपुटलो.

अक्कांनी लाल पेनाला टोपण लावलं. त्यांच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं.

"अण्णा, पोरगं गणित चुकलं तर मी त्याला उत्तर विचारत न्हाई. पायरी विचारते. कुठल्या पायरीला चुकलास ते सांग, म्हणते. तुमी उत्तर सांगायलाव, पायरी सांगंनाव." मग म्हणाल्या, "आन एक. हसलं सगळ्या गल्लीनं. चार वर्षं. मी पन हसले. तुमी माफी मातूर माझ्या घरात दार ओढून मागायलाव. ह्ये पेढे घेऊन जावा."

डबा घेऊन मी परत आलो. चार पावलांत गल्लीतलं कुणी बघत नाही ना, हे पाहिलं. तेवढ्यातही मी ते पाहिलं.

ते वर्ष तसंच गेलं. बोलायचं तर सगळ्यांसमोर बोलावं लागेल, हे कळलं होतं. पण रोज एक कारण मिळायचं. कधी पाऊस लांबला, कधी कुणाचं लग्न, कधी सगळे एकत्र जमत नाहीत. खरं कारण असं की लोक माझ्याकडे पुन्हा त्या नजरेनं बघणार नाहीत, याची भीती. गल्ली गल्ली वाटायलीय, असं कुणी म्हणणार नाही. एका बाईचं चार वर्षांचं हसू एका पारड्यात, आणि दुसऱ्यात माझं एवढंसं कौतुक. तरी पारडं वर्षभर माझ्याच बाजूला झुकत राहिलं.

मार्गशीर्ष आला. ग्रुपवर विचारणा सुरू झाली, चिठ्ठ्या कधी? मी रविवारची संध्याकाळ ठरवली. मग अक्कांच्या नंबरावर वेगळं लिहिलं, "तुम्ही दोघं यावं. चिठ्ठीसाठी नाही." उत्तर आलं नाही.

गच्चीवर सगळे जमले. अजून ऊन होतं. बायकोनं चहा केला. अप्पा खुर्ची घेऊन कठड्याशी बसले. मी डबा हातात घेऊन उभा राहिलो आणि जिन्याकडे बघत राहिलो. "करा की सुरू," बियाणेवाले म्हणाले. तेवढ्यात अक्का वर आल्या, मागे दाजी. आत आल्या नाहीत. जिन्याच्या वरच्या पायरीशीच उभ्या राहिल्या. कुणीतरी सवयीनं ओरडलं, "आली बगा पत्रावळी!" आणि दोघं-तिघं हसले.

मी डबा खाली ठेवला. एक चिठ्ठी काढून बेचक्यात धरली आणि हात सगळ्यांना दिसेल असा पुढे केला. "असं धरायचो मी," म्हणालो. मग डब्यात हात घालून चिठ्ठ्या हलवल्या आणि तीच वर काढली. "आन असं काढायचो." कुणाला काही कळेना. बियाणेवाले म्हणाले, "जादू शिकायलाव का?" बायकोनं त्यांना खुणेनं गप्प केलं.

अक्कांकडे बघून बोलायचं ठरवलं होतं, पण मला त्यांच्या चपलांकडेच बघता आलं. मग जोर करून मान वर केली.

"अक्का, दाजी. चार वर्षं पत्रावळीची चिठ्ठी तुमच्या नशिबात आली न्हाई, मी ती तुमाला दिली. पहिल्या वर्षी तुमची आंबील मी इसरलो न्हवतो, मी ती गोणपाटाखाली झाकून ठेवली. तुमच्या हातचं भज्जीत पडू नये म्हणून केलं. कुनी मला करायला लावलं न्हाई. मी तुमची जात बगितली, आन म्हणून केलं. वर सगळ्यांना तुमच्यावर हसायला लावलं, आन मी पन हसलो. माझं चुकलं. तुमी माफ करा असं मी म्हणत न्हाई, त्ये तुमचं तुमी ठरवा. मी फक्त ह्या सगळ्यांसमोर तुमची माफी मागतो."